ऐकणाऱ्यांच्या याद्या : हेवी मेटलचा कॅसेट-विनिमय आणि अभिरुचीच्या इतिहासाची साधने

साहित्याच्या इतिहासकाराला लेखकाविषयी पुष्कळ माहिती असते, संहितेविषयी त्याहून अधिक. वाचकाविषयी मात्र फारच थोडी. एखाद्या ग्रंथाच्या किती आवृत्त्या निघाल्या, कोणत्या समीक्षकाने त्यावर काय लिहिले, हे सांगता येते. परंतु तो विकत घेणाऱ्याने त्याच आठवड्यात आणखी काय वाचले, कोणत्या पुस्तकाशेजारी तो ठेवला, कोणाला वाचावयास दिला आणि त्याच्या बदल्यात काय मागून घेतले, याची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही. हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ मध्ये कॉन्स्टान्झ येथे आपली भूमिका मांडल्यापासून ‘अपेक्षाक्षितिज’ ही संज्ञा आपल्या परिभाषेत रुळली. पण प्रत्यक्ष अभ्यासात हे क्षितिज बहुधा संहितेतूनच अनुमानाने काढावे लागते. वाचकाचा स्वतःचा कागद हाती नसतो.

असा कागद ज्यांनी मोठ्या प्रमाणावर निर्माण केला, अशा एका श्रोतृसमूहाचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. हा समूह म्हणजे १९७९च्या सुमारापासून १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंतचे हेवी मेटल संगीताचे चाहते. आपण सध्या कोणते अल्बम ऐकत आहोत, आपल्याजवळ कोणत्या ध्वनिफिती आहेत आणि कोणत्या हव्या आहेत, याच्या याद्या ते करीत, एकमेकांना टपालाने पाठवीत, आपल्या छोट्या पत्रिकांतून छापीत. विषय वाङ्मयबाह्य वाटेल, आणि काही अंशी तो तसा आहेही. तरीही लिखित शब्दाच्या आधाराने कलाकृतींचा प्रसार कसा होतो, मान्यताप्राप्त संस्थांनी पाठ फिरवलेल्या प्रकारात श्रेष्ठ-कनिष्ठ कसे ठरते, हे प्रश्न ज्यांना आपले वाटतात त्यांनी या याद्यांकडे दुर्लक्ष करू नये, असे मला वाटते. माझे म्हणणे थोडक्यात असे की, या व्यवहारात यादी ही आवडीनिवडीची नुसती नोंद नव्हती; ती देऊ केलेली वस्तू होती. ‘मी हे ऐकतो’ या वाक्यात ‘तुला हवे असल्यास मी ते पाठवीन, तू मला काय पाठवशील?’ हा अर्थ गर्भित होता. प्रकाशन, समीक्षा आणि ग्रंथालय या तिन्ही संस्थांचे काम तिने काही काळ केले ते या गर्भित अर्थाच्या बळावर.

आरंभ लंडनच्या वायव्येकडील किंग्जबरी या उपनगरात पाहता येतो. तेथील प्रिन्स ऑफ वेल्स या मद्यगृहाला लागून असलेल्या ‘बँडवॅगन’ या जागेत नील के हे तबकड्या वाजवीत. जागेला पुढे ‘हेवी मेटल साउंडहाउस’ असे नाव मिळाले. जमलेले तरुण कोणती गाणी पुन्हापुन्हा मागतात यावरून के एक क्रमवारी तयार करीत आणि ‘साउंड्स’ हे साप्ताहिक ती छापी. विक्रीच्या आकड्यांवर आधारलेल्या राष्ट्रीय क्रमवारीच्या काळात ही गोष्ट विलक्षण होती. येथे मोजली जात होती ती ऐकणाऱ्याची मागणी. ती वस्तू दुकानात मिळते की नाही, याच्याशी या क्रमवारीला कर्तव्य नव्हते. १९७९च्या वसंतात याच क्रमवारीत पहिल्या स्थानी आलेले ‘प्राउलर’ हे गाणे आयर्न मेडन या वाद्यवृंदाचे होते आणि ते तोवर कोठेही प्रसिद्ध झालेले नव्हते. वाद्यवृंदाने १९७८च्या वर्षअखेरीस केंब्रिजच्या एका ध्वनिमुद्रणगृहात स्वखर्चाने केलेली फीत के यांच्या हाती दिली होती, एवढेच. मागणी वाढली, तेव्हा नोव्हेंबर १९७९ मध्ये त्याच मुद्रणातील तीन गाण्यांची तबकडी ५,००० प्रतींत काढून टपालाने विकण्यात आली. तिला नाव दिले ‘द साउंडहाउस टेप्स’. यादीत आधी आणि प्रकाशनात नंतर, असा हा उलटा क्रम आहे. पुढील दहा-बारा वर्षांत तोच या संगीताचा नेहमीचा क्रम होऊन बसला.

त्याच वर्षी मे महिन्यात ‘साउंड्स’ने जेफ बार्टन यांच्या लेखाला जे शीर्षक दिले, त्यातून ‘ब्रिटिश हेवी मेटलची नवी लाट’ ही संज्ञा रूढ झाली. या लाटेतील बहुसंख्य वाद्यवृंदांनी एखाददुसरी तबकडी अल्प प्रतींत काढली आणि ते विस्मृतीत गेले. इंग्लंडबाहेर त्या तबकड्या पोहोचण्याचा राजमार्ग नव्हताच. पोहोचल्या त्या कॅसेटवर. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये बाजारात आणलेली ही छोटी पेटी मुळात बोलणे टिपून घेण्यासाठी होती. संगीताची नक्कल घरबसल्या करण्याची सोय तिने आपोआप करून दिली. १९८१ मध्ये ब्रिटनमधील ध्वनिमुद्रण-उद्योगाने घरगुती नकलांमुळे संगीत मरत असल्याची मोहीम उघडली. ज्या संगीताला त्या उद्योगाने दारातही उभे केले नव्हते, ते नेमके याच नकलांवर जगत होते. हा विरोधाभास त्या मोहिमेच्या कर्त्यांना जाणवला असेल असे वाटत नाही.

या व्यवहारातील यादी दिसे कशी? हाताने किंवा टंकलेखन यंत्रावर केलेली, मग छायाप्रती काढलेली काही पाने. वाद्यवृंदाचे नाव; मुद्रणाचा प्रकार, म्हणजे अल्बम की डेमो, तालीम की प्रत्यक्ष कार्यक्रम; कार्यक्रम असल्यास गाव आणि तारीख; मिनिटांत लांबी; शेवटी ध्वनीच्या गुणवत्तेविषयी एखादे अक्षर, शाळेतल्या श्रेणीसारखे. काटेकोर माणसे फीत मूळ मुद्रणापासून कितव्या पिढीची आहे तेही लिहीत. चुंबकीय फितीची नक्कल केली की वरच्या पट्टीतील स्वर थोडे बोथट होतात आणि पार्श्वभूमीची खरखर वाढते. नकलेची नक्कल केली की हा दोष साचत जातो. त्यामुळे ‘दुसरी पिढी’ आणि ‘पाचवी पिढी’ यांत फरक मोठा होता आणि आपली फीत कोणाकडून आली, त्याला कोणाकडून मिळाली, हे सांगण्यात प्रतिष्ठा होती. पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला येथे ओळखीचे काही दिसेल. भांडारकर संस्थेत महाभारताच्या हस्तलिखितांची वंशावळ लावणाऱ्यांनी जो प्रश्न विचारला, ही प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली, तोच प्रश्न हे सतरा-अठरा वर्षांचे तरुण एकमेकांना पत्रातून विचारीत होते. त्यांना संहिताशास्त्र माहीत नव्हते. पण चांगली प्रत हवी असेल तर वंशावळ कळली पाहिजे, हे मात्र पक्के ठाऊक होते.

आणखी एक बारीक गोष्ट. नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूस पंचेचाळीस मिनिटे मावतात आणि अल्बम सहसा त्याहून थोडा छोटा असतो. उरलेली पाच-सात मिनिटे कोरी सोडणे हे दारिद्र्याचे किंवा कंजूषपणाचे लक्षण मानले जाई. तेथे पाठवणारा आपल्या आवडीचे, न मागितलेले एखादे गाणे भरून देई. पुष्कळ अनोळखी नावांचा पहिला परिचय या उरलेल्या मिनिटांत झाला. पाकिटाचीही तीच रीत. पत्राबरोबर इतर वाद्यवृंदांची आणि पत्रिकांची घडी घातलेली चिठोरी कोंबलेली असत. मिळणाऱ्याने ती पुढच्या पत्रात घालावीत, अशी अपेक्षा असे. टपालखर्च हा या साऱ्या उद्योगाचा कणा आणि काळजीचा विषय. म्हणून तिकिटांवर साबणाचा किंवा डिंकाचा पातळ थर देऊन शिक्का धुऊन टाकण्याची युक्ती सर्वदूर पसरली आणि ‘माझी तिकिटे परत पाठव’ ही ओळ पत्राच्या शेवटी येऊ लागली. टपालखात्याचे यात नुकसान झाले, हे खरेच.

मार्सेल मॉस यांनी १९२५ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात देणे, घेणे आणि परतफेड करणे अशी तीन बंधने सांगितली. कॅसेट-विनिमयात ती तिन्ही अक्षरशः पाळली जात. फीत घेऊन परत काही न पाठवणाऱ्याचे नाव पत्रिकांतून जाहीरपणे छापले जाई. याद्यांचे वाचन करताना हे बंधन ध्यानात ठेवले पाहिजे. आपल्याजवळ नसलेल्या फितीचे नाव यादीत घालून रुबाब करता येत नव्हता, कारण समोरचा तीच मागणार. आजच्या अभ्यासकाला हे साधन विश्वासार्ह वाटते ते यामुळे. वाचलेल्या पुस्तकांविषयी लोक खोटे बोलतात, हे आपल्या क्षेत्रात सर्वांना माहीत आहे.

यादीतून निर्मितीकडे जाणारा मार्ग मेटॅलिका या वाद्यवृंदाच्या उदाहरणात सर्वांत स्पष्ट दिसतो. डेन्मार्कहून १९८० मध्ये कॅलिफोर्नियात आलेल्या लार्स उलरिक या तरुणाजवळ सुरुवातीस सांगण्यासारखी गोष्ट होती ती त्याचा संग्रह आणि ब्रिटिश लाटेचे त्याचे ज्ञान. त्याच्या परिचयातले ब्रायन स्लेगल एक फॅनझिन, म्हणजे चाहत्यांनी पदरमोड करून काढलेली पत्रिका, चालवीत. सॅन फ्रान्सिस्कोत रॉन क्विंटाना दुसरी काढण्याच्या तयारीत होते. क्विंटाना यांनी पत्रिकेसाठी नावांची यादी केली होती. उलरिकने त्यांना ‘मेटल मेनिया’ हे नाव घ्या असे सुचवले आणि त्याच यादीतले ‘मेटॅलिका’ स्वतःसाठी ठेवून घेतले. वाद्यवृंदाचे नावच असे एका यादीतून आले. १९८२ मधील त्यांच्या पहिल्या कार्यक्रमांत स्वतःची गाणी थोडी आणि डायमंड हेड, ब्लिट्झक्रीग, स्वीट सॅव्हेज अशा ब्रिटिश वाद्यवृंदांची अधिक होती. कॅलिफोर्नियातील श्रोत्यांपैकी फार थोड्यांना ती परकी गाणी माहीत होती, आणि ती आपली नाहीत हे सांगण्याची घाई वाद्यवृंदालाही नव्हती. एका श्रोत्याची यादी रंगमंचावर वाजत होती, असे याचे वर्णन करता येईल. त्याच वर्षी जुलैत त्यांनी ‘नो लाइफ टिल लेदर’ ही सात गाण्यांची डेमो फीत मुद्रित केली. विनिमयाच्या जाळ्यातून ती न्यू जर्सीतील जुन्या बाजारात तबकड्यांचे दुकान मांडणाऱ्या जॉन झाझुला यांच्यापर्यंत पोहोचली. त्यांनी वाद्यवृंदाला पूर्व किनाऱ्यावर बोलावले, स्वतःची प्रकाशनसंस्था काढली आणि जुलै १९८३ मध्ये ‘किल ’एम ऑल’ हा अल्बम प्रसिद्ध केला. पुढे जगभर नाव झाल्यावर १९९० मध्ये उलरिकने जेफ बार्टन यांच्यासमवेत ब्रिटिश लाटेतील निवडक गाण्यांचे संकलन सिद्ध केले. दहा वर्षांपूर्वी एका मुलाची जी खाजगी यादी होती, तिला आता प्रातिनिधिक संग्रहाची प्रतिष्ठा आली. वाङ्मयेतिहासात संपादित काव्यसंग्रह जे करतात तेच येथे घडले. फरक इतकाच की येथे संपादकाची मूळ टिपणे कोणत्या हेतूने झाली ते आपल्याला माहीत आहे.

मला स्वतःला अधिक महत्त्वाचे वाटते ते रिपल्शन या वाद्यवृंदाचे उदाहरण, जरी त्यात यशाची कथा नाही. मिशिगनमधील फ्लिंट हे मोटारींच्या कारखान्यांचे गाव. तेथील या तरुणांनी १९८६ मध्ये एका तबकडीविक्रेत्याच्या मदतीने एक संपूर्ण अल्बम मुद्रित केला. प्रकाशक मिळाला नाही; वाद्यवृंद मोडला. फीत मात्र याद्यांतून फिरत राहिली. इंग्लंडमधील नेपाम डेथ आणि कार्कस या वाद्यवृंदांतील मंडळी स्वतः उत्साही विनिमयकर्ती होती. त्यांच्या अतिवेगवान संगीतावर या फितीची छाया आहे, असे त्यांनीच सांगितले आहे. अखेर १९८९ मध्ये कार्कसच्याच दोघांनी नॉटिंगहॅमच्या इअरेक या प्रकाशनाच्या छत्राखाली ती ‘हॉरिफाइड’ या नावाने प्रसिद्ध केली. तोवर तिच्या प्रभावाखालील अल्बम आधीच बाजारात आले होते. तारखांच्या क्रमाने चालणाऱ्या इतिहासात १९८७चा ‘स्कम’ आधी आणि १९८९चा ‘हॉरिफाइड’ नंतर येतो, आणि वाचक सहजच उलटा निष्कर्ष काढू शकतो. प्रकाशनवर्ष हेच कृतीचे वर्ष मानण्याची आपली सवय किती फसवी ठरते! मराठीत हस्तलिखितांतून शतकानुशतके फिरून एकोणिसाव्या शतकात छापल्या गेलेल्या काव्याविषयी आपण ही चूक करीत नाही, कारण तेथे आपण सावध असतो. विसाव्या शतकाच्या शेवटी, मुद्रणयंत्राच्या आणि ध्वनिमुद्रणाच्या ऐन भरात, हस्तलिखितासारखा प्रसार पुन्हा संभवतो हे मात्र आपल्या लक्षात येत नाही.

मराठीचा उल्लेख आलाच आहे तर ‘बाडा’विषयी दोन शब्द. वरच्या बाजूने शिवलेल्या लांबट पानांच्या या वह्यांत कीर्तनकार आपल्याला लागणारी पदे, अभंग, आख्याने उतरून घेत. क्रिस्टियन नोव्हेत्स्की यांनी नामदेवविषयक आपल्या २००८च्या ग्रंथात बाडांचा विचार प्रयोगकर्त्याची वही म्हणून केला आहे, संहितेची सदोष प्रत म्हणून नव्हे. हा दृष्टिकोन येथे उपकारक ठरतो. बाडात तुकोबांच्या अभंगाशेजारी कबीराचे पद येते, मराठीशेजारी हिंदी येते. पुढे इतिहासकारांनी निरनिराळ्या कप्प्यांत घातलेल्या गोष्टी तेथे एका पानावर नांदतात. चाहत्यांच्या याद्यांचेही तसेच. ‘थ्रॅश’, ‘डेथ’, ‘ब्लॅक’ ही पोटप्रकारांची विभागणी, जिच्यावर आज पुस्तकेच्या पुस्तके लिहिली जातात, १९८५च्या आसपासच्या याद्यांत अजून घट्ट झालेली नाही. व्हेनम, मर्सिफुल फेट, स्लेअर, बाथरी हे एकाखाली एक येतात, आणि मध्येच एखादा पंक वाद्यवृंदही. साम्य याहून पुढे ताणू नये. बाडाला परमार्थाचा आधार होता आणि ते पिढीजात होते. चाहत्याची यादी दर काही महिन्यांनी जुनी होई आणि फेकली जाई.

पत्रिकांतील ‘सध्या ऐकत आहोत’ हे सदर त्याहून टिकाऊ ठरले. संपादक अंक सिद्ध करताना ऐकत असलेल्या दहा-पंधरा अल्बमांची नावे एका चौकटीत देत. मुलाखत दिलेल्या वादकांनाही तेच विचारले जाई. साठोत्तरी मराठी लघुनियतकालिकांशी या पत्रिकांचे बाह्य साम्य डोळ्यांत भरते: चक्रमुद्रण किंवा स्वस्त छपाई, अनियमितपणा, मोठ्या प्रकाशनांविषयीची तुच्छता, संपादकाच्या खिशावर चाललेला संसार. परंतु ‘आम्ही सध्या काय वाचतो आहोत’ अशी चौकट आपल्या लघुनियतकालिकांचा नेम झाली नाही. झाली असती तर साठोत्तरी कवींवरील परकीय प्रभावांविषयी आपण इतके तर्क लढवीत बसलो नसतो.

या जाळ्याचा नकाशा तौलनिक साहित्याच्या दृष्टीने फार बोलका आहे. पास्काल कासानोव्हा यांच्या १९९९च्या ग्रंथातील प्रतिपादनानुसार परिघावरील लेखकाला मान्यता मिळवायची तर पॅरिससारख्या केंद्रातून जावे लागते. हेवी मेटलमध्येही लंडन आणि कॅलिफोर्निया ही केंद्रे होतीच. पण ब्राझीलच्या बेलो होरिझोन्ते शहराकडे पाहा. तेथील कोगुमेलो या तबकडीच्या दुकानाने प्रकाशन सुरू केले आणि सेपल्टुरा, सार्कोफागो यांचे ओबडधोबड ध्वनीचे पहिले अल्बम काढले. सार्कोफागोचा ‘आय.एन.आर.आय.’ हा १९८७चा. अमेरिकी मासिकांनी त्याची विशेष दखल घेतली नाही. टपालाने तो नॉर्वेत पोहोचला आणि मेहेम, डार्कथ्रोन यांच्या भोवतालच्या तरुणांनी त्याला जवळजवळ आदर्श मानले. १९९०च्या दशकारंभी ज्याला ‘नॉर्वेजियन’ म्हणून जगाने ओळखले, त्या संगीताच्या आणि वेशभूषेच्या घडणीत ब्राझीलचा वाटा आहे, आणि तो कोणत्याही केंद्राच्या शिफारशीवाचून आलेला आहे. परिघाकडून परिघाकडे झालेला हा प्रवास विद्यापीठीय सिद्धान्तनात सहसा अपवाद म्हणून येतो. याद्यांत तो नेहमीचाच दिसतो. नॉर्वेतील त्या काळाविषयी जे लिहिले गेले त्यातील बहुतेक १९९२ची चर्चजाळपोळ आणि १९९३चा खून यांभोवतीच फिरते. गुन्ह्यांचा इतिहास झाला. ऐकण्याचा झाला नाही. डार्कथ्रोनचे फेनरिझ यांनी उपजीविकेसाठी टपालखात्यात नोकरी केली आणि २००४ मध्ये आपल्या आवडीच्या जुन्या गाण्यांचे संकलनही प्रसिद्ध केले, या दोन गोष्टी मला त्या काळाच्या संदर्भात अर्थपूर्ण वाटतात.

पत्रव्यवहाराची भाषा इंग्रजी होती. पोर्तुगीज, नॉर्वेजियन, पोलिश, जपानी भाषक एकमेकांना तुटक्या, कोशात पाहून जुळवलेल्या इंग्रजीत लिहीत. गीतेही याच इंग्रजीत. मातृभाषकाला त्यांचे व्याकरण विनोदी वाटेल. पण ही इंग्रजी मातृभाषकासाठी नव्हतीच. वाद्यवृंदांची नावे आणि शीर्षके मात्र भाषांतराशिवाय प्रवास करीत, आणि यादी हा जवळजवळ सर्वस्वी नामांचा बनलेला लेखनप्रकार असल्यामुळे तिला व्याकरणाचा अडथळा कमीत कमी. गटेने १८२७ मध्ये विश्वसाहित्याची कल्पना बोलून दाखवली तेव्हा त्याच्यासमोर अनुवाद आणि नियतकालिके होती. क्रियापदावाचून चालणाऱ्या विश्वव्यवहाराची कल्पना त्याला करता आली नसती.

हा व्यवहार समतेचा होता असे चित्र मात्र रंगवू नये. तो प्रामुख्याने पुरुषांचा होता. स्त्रियांनी पत्रिका काढल्या, विनिमयही केला, पण याद्यांत आणि आठवणींत त्यांची संख्या अल्प आहे. डीना वाइनस्टीन यांच्या १९९१च्या समाजशास्त्रीय ग्रंथात या संस्कृतीच्या पुरुषीपणाची चर्चा विस्ताराने येते. कीथ कान-हॅरिस यांनी २००७ मध्ये ‘उपसांस्कृतिक भांडवला’चे दोन प्रकार सांगितले, त्यांपैकी नित्याचे म्हणजे नावे, तारखा, आवृत्त्या यांचे ज्ञान आणि पत्रांना वेळेवर उत्तर देण्याची चिकाटी. हे भांडवल जमवायला कोऱ्या कॅसेटी आणि परदेशी टपालाचे पैसे लागत. लोखंडी पडद्यामागे तर सीमाशुल्क आणि तपासणी यांची भर. पोलंडच्या व्हेडर या वाद्यवृंदाची १९९०ची ‘मॉर्बिड राइख’ ही डेमो फीत त्या भिंती ढासळत असतानाच जगभर गेली आणि त्यांना इअरेककडून करार मिळाला, हा योगायोग नव्हे.

भारतापुरते बोलायचे तर या आंतरराष्ट्रीय जाळ्यात आपला सहभाग कडेचा होता. येथे कॅसेटने केलेली क्रांती निराळी होती. पीटर मॅन्युएल यांनी १९९३च्या आपल्या ग्रंथात उत्तर भारताच्या संदर्भात ती तपशिलाने मांडली आहे. मात्र एक देशी रीत या विषयाशी थेट जोडलेली आहे. ‘कॅसेट भरून घेणे’ हा मराठीतला शब्दप्रयोग माझ्या पिढीला परिचित आहे. दुकानदाराकडे कोरी कॅसेट आणि गाण्यांची हाताने लिहिलेली यादी द्यायची; दोन दिवसांनी ती भरून मिळे. लता-आशांच्या गाण्यांसाठी जी रीत तीच मुंबई-पुण्यातील महाविद्यालयीन मुलांनी परदेशातून कोणाच्या तरी नातेवाइकाने आणलेल्या एखाद्या तबकडीसाठी वापरली. १९८६ पासून मुंबईत धोबी तलावाजवळच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ होऊ लागला. तेथे कोणाच्या अंगरख्यावर कोणते नाव छापले आहे यावरूनच ओळखी होत. १९९३ मध्ये अलाहाबादहून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ निघाले. ते मुंबई वा कोलकात्याहून न निघता अलाहाबादहून निघाले, यात वर सांगितलेल्या परिघाच्या तर्काचे भारतीय रूप दिसते. काळा घोडा येथील ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झाले. २००७ मध्ये आयर्न मेडन बंगळूरला आले, तेव्हा देशाच्या कानाकोपऱ्यांतून जमलेल्या श्रोत्यांपैकी कितीतरी जण त्यांची गाणी आधी नकलेची नक्कल म्हणूनच ऐकून आलेले होते.

यादीचे स्वरूप पालटले ते नक्कल फुकट आणि निर्दोष झाल्यावर. १९९९ मध्ये नॅपस्टर आले. २००० मध्ये मेटॅलिकाच्या एका गाण्याचे अपूर्ण मुद्रण प्रकाशनापूर्वीच त्यावरून फिरू लागले आणि आकाशवाणी केंद्रांवर वाजले. एप्रिलमध्ये वाद्यवृंदाने दावा दाखल केला. मे महिन्यात उलरिकने स्वतः नॅपस्टरच्या कार्यालयात कागदांची खोकी नेऊन दिली. त्या कागदांवर होती त्यांची गाणी देऊ करणाऱ्या सुमारे ३ लाख ३५ हजार वापरकर्त्यांची नावे. टीका झाली ती मुख्यतः कृतघ्नतेची: जे फुकटच्या नकलांवर मोठे झाले त्यांनीच दार लावले. हा आरोप मला अर्धवट वाटतो. १९८२ची डेमो फीत वाद्यवृंदाने स्वतः सोडली होती, आणि तिची प्रत मिळवणाऱ्याला कोणाला तरी काही द्यावे लागत होते; २०००च्या व्यवहारात देणाऱ्याला घेणारा कोण हे ठाऊक नव्हते आणि घेणाऱ्यावर काहीच बंधन नव्हते. ‘मी हे ऐकतो’ यातील ‘तू काय पाठवशील?’ हा भाग गळून पडला होता. पण टीकाकार एका गोष्टीत बरोबर होते, आणि ती इतिहासकाराच्या कामाची आहे. श्रोत्यांची यादी, जी अठरा वर्षांपूर्वी ओळखपत्र होती, तीच आता आरोपपत्राला जोडलेले परिशिष्ट झाली होती.

त्यानंतरही चाहते आपण काय ऐकतो ते एकमेकांना सांगत राहिले. आजही सांगतात, कदाचित पूर्वीपेक्षा अधिक. आता सांगितलेले लगेच ऐकता येते, त्यामुळे नाव आणि कृती यांच्यामधला प्रतीक्षेचा काळ उरलेला नाही. वर्षभर एखादे नाव याद्यांत वाचून मनात त्याचे जे संगीत तयार होई, आणि मग प्रत्यक्ष फीत आल्यावर जो अपेक्षाभंग किंवा आनंद होई, तो अनुभव जुन्या विनिमयकर्त्यांच्या आठवणींत वारंवार येतो. याउस यांच्या क्षितिजाचे याहून शब्दशः उदाहरण मी पाहिलेले नाही.

साधनांची स्थिती चिंताजनक आहे. पत्रिका काही प्रमाणात वाचल्या: नॉर्वेत १९८५ पासून निघालेल्या ‘स्लेअर’ या पत्रिकेचे अंक २०११ मध्ये ग्रंथरूपाने पुन्हा छापले गेले, इतरही काहींचे असे संग्रह झाले. खाजगी याद्या आणि पत्रे मात्र माळ्यावरच्या खोक्यांत आहेत. कॅसेटमधील चुंबकीय थर झडतो, छायाप्रतींची शाई कागदाला कागद चिकटवते, आणि ज्यांनी हे जपले ते आता साठीच्या घरात आहेत. ग्रंथालये पत्रिका स्वीकारतात, कारण तिला नाव, अंक आणि वर्ष असते. याद्यांची नोंद कोणत्या शीर्षकाखाली करावी हे त्यांना कळत नाही. पुष्कळ याद्यांच्या मागील बाजूस पेन्सिलीने खुणा आहेत: काय मागवले, काय पाठवले, काय अजून आलेले नाही.